तीन लाखांचं राज्य, अडीच लाखांचं घर

महाराष्ट्र सरकारच्या दोन कागदांवरचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहू. पहिला कागद मार्च 2025 मध्ये विधिमंडळात मांडलेला आर्थिक पाहणी अहवाल. त्यात 2024-25 सालचं राज्याचं अपेक्षित दरडोई उत्पन्न 3 लाख 9 हजार 340 रुपये दिलं आहे. दुसरा कागद ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचा. ज्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, त्यातल्या 21 ते 65 वयाच्या बाईला महिना 1,500 रुपये. जुलै 2024 पासून सुरू झालेल्या या योजनेच्या लाभार्थी थोड्याच महिन्यांत अडीच कोटींच्या आसपास पोचल्या. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत राज्यात महिला मतदार होत्या 4 कोटी 69 लाख. म्हणजे राज्यातल्या जवळपास निम्म्या प्रौढ बायकांनी ‘आमच्या अख्ख्या घरात वर्षाला अडीच लाखही येत नाहीत’ असं लिहून दिलं आणि सरकारने ते मान्य केलं. पहिल्या कागदाच्या हिशेबाने चार माणसांच्या घरात 12 लाखांवर रक्कम यायला हवी.

याचं झटपट उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे: लोक खोटं बोलतात. काही बोललेच. योजनेच्या यादीत पुरुष सापडले, सरकारी नोकरीतल्या बायका सापडल्या, एकाच घरातल्या तिघी-चौघी सापडल्या. जुलै 2025 मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनीच 26 लाखांहून अधिक लाभार्थी अपात्र असल्याचा संशय जाहीर केला. ते सगळे वजा करा. आणखी तितकेच करा. तरी आकडा दोन कोटींच्या आसपास उरतोच. निवडणुकीच्या तोंडावर अर्जांची छाननी कशी झाली असेल हे मला कुणी सांगायला नको. पण एवढ्या मोठ्या संख्येला नुसती लबाडी म्हणून मोकळं होणं ही शहरी माणसाची सोय आहे.

साधा गुणाकार करू. रिझर्व्ह बँकेच्या राज्यवार आकडेवारीत 2022-23 साली ग्रामीण महाराष्ट्रातल्या शेतमजुराची सरासरी रोजची मजुरी सुमारे 303 रुपये होती. हा पुरुषांचा दर. बायकांचा त्याहून कमी. तरीही दोघांनाही तोच धरू, आणि नवराबायकोला वर्षात प्रत्येकी 200 दिवस काम मिळालं असंही समजू. मराठवाड्याच्या कोरडवाहू गावात हे फारच उदार गृहीतक आहे. उत्तर येतं 1 लाख 21 हजार. दोन शेळ्यांचे पैसे, एकरभर सोयाबीन, मोठ्या पोराने चाकणहून पाठवलेले चार पैसे, हे सगळं मिळवलं तरी अडीच लाख गाठताना दम लागतो. त्या बाईने अर्जावर खोटं लिहिलेलं नाही.

मग तीन लाख कुठे जातात? कुठेच जात नाहीत, ते मुळात तिच्याकडे आलेलेच नसतात. राज्यात वर्षभरात तयार झालेल्या निव्वळ उत्पन्नाला लोकसंख्येने भागलं की दरडोई उत्पन्न निघतं. त्या बेरजेत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या बँकांचा नफा आहे, हिंजवडीतल्या कंपन्यांची बिलं आहेत, मुंबईतली घरभाडी आहेत. जिल्हावार तक्ते पाहिले तर मुंबई, ठाणे, पुणे आणि आणखी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके जिल्हे राज्याच्या सरासरीच्या वर दिसतात. उरलेले सगळे खाली. हीच गोष्ट गरिबीच्या मोजमापात दिसते. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकानुसार 2019-21 मध्ये महाराष्ट्रातले 7.81 टक्के लोक गरीब होते. वाचून बरं वाटतं. पण नंदुरबारमध्ये त्याच पाहणीत हे प्रमाण जवळपास एक-तृतीयांश होतं, आणि आधीच्या पाहणीत निम्म्याहून अधिक. धडगाव-अक्कलकुवा आणि मलबार हिल यांची सरासरी काढता येते, एवढंच.

प्रादेशिक असमतोल हा विषय आपल्याकडे जुना आहे. वि. म. दांडेकरांच्या समितीने 1984 मध्ये अनुशेष मोजला, विजय केळकरांच्या समितीने 2013 मध्ये पुन्हा मोजला. दोन्ही वेळा रस्ते, सिंचन, वीजपंप, दवाखान्यातल्या खाटा यांची मोजणी झाली, कुणाला किती कोटी यावर विधिमंडळात रणकंदन झालं. मजुरीचा अनुशेष कुणी मोजला नाही. माझं म्हणणं असं की आज महाराष्ट्रात गरिबी टिकून आहे ती काम नसल्यामुळे कमी आणि काम फार स्वस्तात विकलं जात असल्यामुळे जास्त. वरच्या रिझर्व्ह बँकेच्या तक्त्यात त्या वर्षीची देशाची सरासरी 345 रुपये आहे आणि केरळची 764. देशातलं सर्वांत मोठं सकल उत्पन्न असलेलं राज्य शेतमजुरीत देशाच्या सरासरीखाली आहे. या एका ओळीवर अधिवेशनात दिवसभर चर्चा व्हायला हवी होती.

बेरोजगारीचा दर विचाराल तर तो तीन टक्क्यांच्या आसपास दाखवला जातो. हा आकडा खोटा नाही, फक्त तो गरिबांविषयी फारसं काही सांगत नाही. ज्याच्या घरी उद्याचं पीठ नाही त्याला बेरोजगार राहणं परवडत नाही; तो मिळेल ते, मिळेल त्या भावात करतो आणि पाहणीत ‘रोजगारात’ मोजला जातो. बेरोजगार राहण्याची चैन थोडीफार शिकलेल्यांना करता येते, बापाने अर्धा एकर विकून सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेची फी भरली असेल तर. 2023 मध्ये तलाठ्याच्या 4,644 जागांसाठी 10 लाखांहून जास्त अर्ज आले. 2024 मध्ये पोलीस दलातल्या 17,471 जागांसाठी 17 लाखांहून अधिक. ही मुलं आळशी आहेत, त्यांना उद्योग करायला नको, असं म्हणणाऱ्यांनी औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी कामगाराची पगारपावती पाहावी. बाहेरची मजुरी इतकी खाली आहे की तलाठ्याची नोकरी लॉटरीसारखी वाटते. तिकीट सगळेच काढतात.

आता गंमत अशी की मजुरीला तळ घालण्याची कल्पना देशात सगळ्यात आधी अमलात आणली ती याच राज्याने.

1965 मध्ये विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर भागात, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग सुरू केला. पागे सर्वोदयी विचारांचे. त्यांच्या डोक्यात होतं ते एवढंच की धडधाकट माणसाने अंगमेहनत करायची तयारी दाखवली तर त्याला उपाशी ठेवण्याचं सरकारला काही कारण नाही. मग 1972 चा दुष्काळ आला. खडी फोडणारी, पाझर तलाव खणणारी, नाला बांध घालणारी माणसं इतकी झाली की मे 1973 मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर 50 लाखांच्या आसपास मजूर होते. त्या पिढीतली माणसं अजून सुकडीची आणि मिलो नावाच्या लाल ज्वारीची चव सांगतात, तोंड वाकडं करून. पण त्या दुष्काळात बिहार किंवा बंगालसारखी भूकबळींची रांग महाराष्ट्रात लागली नाही, आणि याचं श्रेय अभ्यासकांनी या कामांना दिलं आहे. वसंतराव नाईकांच्या सरकारने त्यातून रोजगार हमी योजना (रोहयो) केली, 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागणं हा कायद्याने दिलेला हक्क झाला, तोही केंद्राच्या 2005 च्या मनरेगा कायद्याच्या सव्वीस वर्षं आधी.

त्या कायद्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र पैशाची आहे. पैसे कुठून आणायचे? 1975 मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला. मुंबई-पुण्यातल्या पगारदाराच्या पावतीवर दर महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापलेले दिसतात, तो हा कर. आपल्यापैकी बहुतेकांना तो कशासाठी जातो हे माहीत नसतं. मला वाटतं, मुद्दामच माहीत करून दिलेलं नाही. तो रोजगार हमी निधीसाठी होता. त्याच्या जोडीला मोटार वाहनांवर, विक्रीकरावर, बागायत जमिनीवर अधिभार. आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्याने स्वतःच्या तिजोरीतून घालायची. फोर्टमधला कारकून विसापूरच्या मजुराच्या रोजंदारीत वाटा उचलतो, हा करार त्या काळच्या राज्यकर्त्यांनी केला आणि निभावलाही. बड्या बागायतदारांचा विरोध होता, पण गावाला रस्ता आणि शिवाराला बंधारे मिळत होते म्हणून तो धारदार झाला नाही. पुढे 1990 पासून याच योजनेला फळबाग लागवड जोडली गेली. कोकणातला कलमी आंबा आणि काजू, सोलापूरकडचं डाळिंब यांच्या मागे रोहयोचे मस्टर, म्हणजे मजुरांचे हजेरीपट, आहेत, हे निर्यातीचे आकडे सांगताना कुणी बोलत नाही.

हमीचा खरा उपयोग मस्टरवर आलेल्या मजुरांपुरता नव्हता. जो मस्टरवर गेला नाही त्यालाही ती उपयोगी पडत होती. गावातल्या बाईला माहीत असायचं की मालकाने अमुक दराच्या खाली बोलावलं तर सडकेवरचं काम आहे. तिने त्या कामावर जायची गरज नव्हती. जाऊ शकते एवढंच पुरेसं होतं. मजुरीला तळ मिळतो तो असा. 1988 मध्ये किमान वेतनाबरोबर रोहयोची मजुरी दुपटीच्या घरात गेली. दर वाढला की मजूर वाढायला हवे होते. झालं उलटं, मनुष्यदिवस घसरले. अर्थशास्त्रज्ञांनी आकडे तपासून निष्कर्ष काढला की मागणी कमी झाली नव्हती, सरकारने कामंच कमी काढली. कायदा तसाच राहिला, हमी मात्र हळूच आखडली.

तेव्हापासून हीच रीत पडली आहे. हमी रद्द कुणी करत नाही. जॉबकार्ड असतं, पण कामाच्या मागणीचा नमुना 4 भरून घ्यायला ग्रामरोजगार सेवक सापडत नाही. सापडला तर पोचपावती देत नाही, कारण पावती दिली की पंधरा दिवसांत काम नाहीतर बेकारी भत्ता द्यावा लागतो. कामं निघतात ती सिंचन विहिरींची आणि गोठ्यांची. ती उपयोगाची आहेत, पण ज्याच्याकडे जमीन आहे, गुरं आहेत त्याच्या उपयोगाची. भूमिहीनाला त्यात मजुरी मिळावी, तर विहीर यंत्राने खोदली जाते आणि मस्टरवर नावं भलतीच असतात. हे ग्रामीण भागात कुणालाही विचारा. अलीकडे मोबाइल अॅपवर दिवसातून दोनदा फोटोसह हजेरी आली. सातपुड्यातल्या पाड्यावर जिथे फोन लावायला टेकडीवर चढावं लागतं तिथे दुपारचा फोटो चढला नाही तर घाम गाळलेला दिवस कागदावर उगवतच नाही. भ्रष्टाचार थांबवायला अॅप हवं होतं हे मान्य. पण त्याने थांबले ते कोण, याचाही हिशेब व्हावा.

आणि दर. 2025-26 साठी केंद्राने ठरवलेली महाराष्ट्राची रोहयो मजुरी 312 रुपये. शेजारच्या गोव्यात 378, केरळात 369, हरयाणात 400. केंद्राचा कायदा आल्यापासून दर केंद्र ठरवतं हे खरं. पण स्वतःच्या पैशातून भर घालायला राज्याला कुणी अडवलेलं नव्हतं. ओडिशाने बलांगीर, नुआपाडा, कालाहांडी, बारगढ या स्थलांतराने पोखरलेल्या जिल्ह्यांतल्या निवडक भागांत जादा दिवस आणि जादा मजुरी राज्याच्या तिजोरीतून दिली. ओडिशाने. ज्या राज्यातून मजूर आपल्याकडे येतात त्या राज्याने.

आपलं बलांगीर म्हणजे बीड. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार आणि शेजारचं पाथर्डी. दसरा-दिवाळीच्या सुमाराला इथून ऊसतोडणीला कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, उचल (आगाऊ रक्कम) देत नाही. उचल लाखाच्या घरात असते. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 366 रुपये झाला. वाढ चांगली होती, संघटनांनी झगडून मिळवलेली होती. पण हिशेब करा: एक कोयता दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडतो. पहाटे अंधारात फडात उतरायचं, तोडायचा, मोळ्या बांधायच्या, रात्री गाडी भरायची. या सगळ्याचे दोघांचे मिळून सात-साडेसातशे, म्हणजे माणशी 366. गावात राहून रोहयोवर 312. या दोन आकड्यांतलं अंतर 54 रुपये आहे. एवढ्यासाठी कुणी लेकरांची शाळा सोडवून सहा महिने पालावर राहायला जात नाही.

जातात, कारण गावातलं काम हमखास नसतं आणि उचल हमखास असते. रोहयोचे पैसे महिना-दोन महिन्यांनी खात्यावर येतात; मुलीचं लग्न, बापाचं ऑपरेशन, सावकाराचा तगादा यांना आज रोख लागतं. मुकादम ते आज देतो. मग अंग आजारी पडलं तरी खाडा परवडत नाही, कारण खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जे आलं ते आपण सगळ्यांनी वाचलं आणि विसरलो: बीडमध्ये पाहणी केलेल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पाळीच्या दिवसांतला खाडा, फडातली अस्वच्छता, अंगावर काढलेली दुखणी आणि खासगी डॉक्टरांची घाई, सगळं त्यात आलं. त्यानंतर नियम झाले, शस्त्रक्रियेला जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी लागते असं ठरलं, कामगारांसाठी महामंडळ झालं, कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचं ठरलं. यातलं काही निरर्थक नाही. पण आजाराच्या मुळाशी उचल आहे आणि उचलीच्या मुळाशी ऑक्टोबर ते मार्च या महिन्यांत गावात भरवशाचं काम नसणं आहे, तिथे कुणी हात घातला नाही. भरवशाची मजुरी असली की बचत गट कर्ज देतो, बँकही देते. सरकारच्या ‘उमेद’ अभियानाचे बचत गट गावोगाव आहेत, त्यांची परतफेड चांगली आहे. मुकादमाला पर्याय कागदावर तयार आहे. फक्त त्याच्या खाली मजुरीची जमीन हवी.

इथे शेतकरी मला थांबवेल, आणि त्याला तो हक्क आहे. तो म्हणेल, मजुरी वाढवा म्हणणं पुण्यात बसून सोपं आहे. 2024-25 मध्ये सोयाबीनचा हमीभाव 4,892 होता, बाजारात चार हजारांच्या आसपास गेलं. काढणीचं गुत्तं दर वर्षी वाढतं. लाडकी बहीण आल्यापासून बाया खुरपणीला येईनात. रोहयोची मजुरी आणखी शंभराने वाढली तर आम्ही काय करायचं?

या तक्रारीतला एक भाग मला पटत नाही, दुसरा पूर्ण पटतो. महिना 1,500 म्हणजे रोहयोच्या पाच दिवसांचीही मजुरी नाही. तेवढ्यावर कुणी घरी बसत नाही. एखाद-दुसरी बाई वाईट भावाला नाही म्हणू लागली असेल, तर त्यात बिघडलं काय? पण शेतकऱ्याचं गणित बसत नाही हे खरं आहे. 1970-71 मध्ये राज्यात सरासरी जमीनधारणा 4.28 हेक्टर होती, 2015-16 च्या गणनेत 1.34 हेक्टर. सव्वा हेक्टरवाला माणूस मालक कसला? तोही चार महिने दुसऱ्याच्या बांधावर जातो किंवा त्याचा मुलगा रांजणगावला कंत्राटी लागतो. मजुरी वाढली तर त्याचा खर्च वाढेल आणि त्याच्याच घरात आवकही वाढेल. तोटा व्हायचाच तर तो आठ-दहा हेक्टरवाल्याचा होईल, आणि शेतमालाला भाव न देण्याच्या धोरणाची किंमत भूमिहीन बाईच्या मजुरीतून वसूल करायची हा न्याय मला तरी कळत नाही. सोयाबीनचं भांडण दिल्लीच्या आयात धोरणाशी आहे. ते तिथेच व्हावं.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने रोहयोचा केंद्रीय कायदा बाजूला सारून नवा कायदा केला: ‘विकसित भारत रोजगार आणि आजीविका हमी मिशन’. हमीचे दिवस 100 वरून 125 झाले, हे स्वागतार्ह. पण आधी अकुशल मजुरीचा सगळा बोजा केंद्राकडे होता, आता महाराष्ट्रासारख्या राज्याला एकूण खर्चाचा 40 टक्के वाटा उचलायचा आहे. शिवाय पेरणी-काढणीच्या हंगामात एकंदर 60 दिवस कामं बंद ठेवण्याची तरतूद आहे. म्हणजे ज्या दिवसांत मजुराला भाव मागण्याची थोडी ताकद येते नेमक्या त्याच दिवसांत पर्याय काढून घ्यायचा. वर सांगितलेली ‘सडकेवर जाऊ शकते’ ही ताकद त्या साठ दिवसांपुरती तरी संपली. शेतकऱ्यांना खूश करण्यासाठी हे केलं असेल. मला ते 1988 नंतरच्या आखडत्या हाताचंच पुढचं पाऊल वाटतं.

महाराष्ट्राला इथे एक सोय आहे जी इतर राज्यांना नाही. 1977 चा आपला कायदा आहे. केंद्राच्या दिवसांपुढचा खर्च राज्याने उचलायचा आणि वर्षभर काम द्यायचं, ही आपली जुनी भूमिका आहे. साठ दिवसांच्या बंदीत राज्याच्या पैशातून कामं चालू ठेवता येतील, निदान धडगाव, मोखाडा, जव्हार, धारूर अशा तालुक्यांत, जिथे हंगाम म्हणजे मुळात दोन पावसाळी महिने. आणि मजुरीवर राज्याची भर घालता येईल. खर्च किती? वर्षाला 15 कोटी मनुष्यदिवस धरले आणि रोजी 100 रुपये भर घातली तर 1,500 कोटी. 2025-26 च्या अर्थसंकल्पात लाडक्या बहिणींसाठी 36,000 कोटी ठेवले होते. त्याचा चोविसावा भाग. लाडकी बहीण बंद करा असं मी म्हणत नाही. ज्या बाईने आयुष्यभर बिनपगारी राबण्यात घालवलं तिच्या खात्यात 1,500 आले तर ते भीक नव्हेत. पण तेवढ्याच पैशांत, नुसत्या मजुरीच्या हिशेबाने, 115 कोटी दिवसांचं काम देता आलं असतं. एक कोटी माणसांना प्रत्येकी 115 दिवस. दोन्ही योजनांत सरकारने कोणती निवडली आणि का, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही. खात्यात पैसे टाकले की बाई ऋणी राहते. काम मागण्याचा हक्क दिला की ती पावती मागते, दर विचारते, तहसीलवर मोर्चा आणते.

पैशाचा दुसरा रस्ता व्यवसाय कराचा. राज्यघटनेच्या 276 व्या कलमात या कराला वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा आहे. ती 1988 मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीने घातली, त्याआधी ती 250 होती. 1988 मध्ये अडीच हजार म्हणजे चांगल्या पदावरच्या माणसाचा महिन्याचा पगार. आज महिना तीन लाख घेणारा संगणक अभियंता आणि महिना अकरा हजार घेणारा सुरक्षारक्षक सारखाच 2,500 भरतो. (महिलांना 25 हजारांपर्यंत सूट आहे, तेवढं बरं.) ही मर्यादा राज्य सरकार बदलू शकत नाही, संसद बदलू शकते. लोकसभेत महाराष्ट्राचे 48 खासदार बसतात. मराठी भाषेच्या अभिजात दर्जासाठी सर्वपक्षीय शिष्टमंडळं गेली, तशी यासाठी का जात नाहीत? वरच्या उत्पन्नगटाला वर्षाला दहा-पंधरा हजार हा कर बसला तर पगारदार वर्ग आरडाओरडा करेल. मी स्वतः त्या वर्गातला आहे आणि मला वाटतं आपण करू नये. मुंबईचं पाणी शहापूरच्या धरणांतून येतं, भाजी जुन्नरहून येते, घरं बांधणारा गवंडी नांदेडहून येतो. 1975 साली जो करार आपल्या आजोबांनी मान्य केला तो आपल्याला महाग वाटायचं कारण नाही.

आणखी एक मागणी आहे, तिला फारसा पैसा लागत नाही. आर्थिक पाहणी अहवालात दरडोई उत्पन्नाच्या तक्त्याखाली प्रत्येक तालुक्याचा शेतमजुरीचा दर छापावा: पुरुषाचा वेगळा, बाईचा वेगळा, मागच्या वर्षीचा आणि या वर्षीचा. मधोमध उभ्या असलेल्या कुटुंबाचं उत्पन्न किती, तेही छापावं. लाडकी बहीणच्या अर्जांमुळे सरकारकडे राज्याच्या इतिहासात कधी नव्हती इतकी कौटुंबिक माहिती गोळा झाली आहे. ई-केवायसी करून नावं गाळण्यापलीकडे तिचा काही उपयोग करायचा असेल तर हा आहे.

नव्या केंद्रीय कायद्यानुसार प्रत्येक राज्याला स्वतःची योजना तयार करून अधिसूचित करायची आहे. महाराष्ट्राच्या योजनेच्या मसुद्यात मजुरीवरची राज्याची भर किती लिहिली आहे आणि त्या साठ दिवसांचं काय केलं आहे, हे दोन परिच्छेद आधी काढून वाचावेत. बाकीच्या पानांवर जलसंधारण, डॅशबोर्ड आणि विकसित महाराष्ट्र असेलच.